मागच्या रांगेची लेन्स

रेवणसिद्धनं नांदेडहून आणलेली लेन्स काउंटरवर ठेवली तेव्हा उज्वला एका गिऱ्हाइकाचे पासपोर्ट फोटो कापत होती. तिनं कात्री खाली ठेवली, हात पुसले आणि लेन्स उचलून पाहिली. चांगली दीड किलो भरेल, मनगट खाली ओढलं गेलं. लांबलचक, मळकट पांढरी. फोटोवाले तिला नुसतं सत्तर-दोनशे म्हणतात. हॉलच्या एका टोकाला उभं राहायचं आणि दुसऱ्या टोकाच्या माणसाचा चेहरा हातावर घेतल्यासारखा जवळ आणायचा, हे तिचं काम. नवी घ्यायची तर दोन लाखांच्या घरात जाते. ही वापरलेली होती.

नांदेडच्या आनंदराजची ती. तो लग्नाची कामं बंद करून आता नुसता दुकानात बसणार होता, म्हणून सामान काढत होता. रेवणसिद्धची त्याच्याशी जुनी दोस्ती. आनंदराजनं सांगितलं होतं, पंधरा दिवस वापरून बघा, पटली तर एक लाख दहा हजार द्या, न पटली तर परत आणा.

"वैनी, ही घेतली की मामलाच मिटला," रेवणसिद्ध म्हणाला. "चाळीस फुटांवरून नवरीच्या डोळ्यातलं काजळ येतंय. तुम्ही खुशाल मागच्या खुर्च्यांपाशी उभ्या ऱ्हावा. कुणाला तकरार करायला जागाच न्हाई."

तकरार काय होती ते दोघांनाही माहीत होतं, म्हणून त्यावर आणखी बोलणं झालं नाही.

उज्वलाचा नवरा बजरंग फोटो काढायचा आणि रेवणसिद्ध व्हिडिओ. लातूर, औसा, निलंगा, उदगीर, सगळीकडं या जोडीला लग्नाची बोलावणी असत. उज्वलाही लग्नानंतर दुसऱ्या वर्षापासून सोबत जायला लागली होती. बायकांच्या बाजूचे फोटो तीच काढायची, आणि बजरंग गिऱ्हाइकांना मोकळेपणानं सांगायचा की अल्बममधले चांगले फोटो तिचे आहेत. चार वर्षांपूर्वी तो गेला. तेराव्यानंतर महिन्याभरात उज्वलानं दुकान पुन्हा उघडलं आणि रेवणसिद्धला निरोप पाठवला की पुढच्या कामाला मी येतेय.

पहिलं वर्ष लोकांनी कौतुक केलं. बाई हिमतीची आहे म्हणाले. मग हळूहळू दुसरं सुरू झालं. तोंडावर कुणी काही बोलत नसे. हळदीच्या वेळी कुणीतरी येऊन सांगे, ताई, तेवढं जरा मागं थांबा. कुणी रेवणसिद्धला बाजूला घेऊन म्हणे, आमचं काही नाही हो, पण घरात म्हातारी माणसं आहेत. गेल्या हंगामात निलंग्याच्या एका पार्टीनं तर तिला मांडवातून परत पाठवलं आणि नवऱ्या मुलाच्या मित्राकडून मोबाईलवर फोटो काढून घेतले. त्या दिवशी रेवणसिद्ध एकटाच थांबला, कारण व्हिडिओ तरी कुणी काढायचा. बसनं एकटी परत येताना उज्वलाला रडू आलं नाही. लई राग आला. तो राग कुठं ठेवायचा ते तिला तेव्हा कळलं नव्हतं.

आता ही लेन्स आली होती. तिनं ती कॅमेऱ्याला लावली, दुकानाच्या दारात उभं राहून रस्त्यापलीकडच्या चहावाल्यावर रोखली. त्याच्या भुवईवरचा घामाचा थेंब दिसला. मागची वर्दळ सगळी विरघळून गेली होती. उज्वलानं कॅमेरा खाली घेतला आणि रेवणसिद्धला म्हणाली, "उदगीरला नेते. बघू."

उदगीरचं लग्न धान्याच्या व्यापाऱ्याकडं होतं. हॉल मोठा, माणसं हजारभर. उज्वला शेवटच्या रांगेजवळ, कूलरच्या बाजूला एका खुर्चीवर उभी राहिली. हळद, तेलवण, अक्षता, सगळं तिनं तिथूनच काढलं. अधूनमधून वाढपी आडवे यायचे, कुणाचा तरी फेटा मधेच उगवायचा. पण जे फोटो आले ते असे आले की तिचा तिलाच विश्वास बसेना. नवरीच्या बापाचा हनुवटीपाशी थरथरणारा चेहरा. पाहुण्यांच्या गर्दीतून नवऱ्या मुलानं नवरीकडं चोरून पाहिलेलं. कुणालाच माहीत नव्हतं की आपला फोटो निघतोय, म्हणून सगळे खरे दिसत होते. पार्टी बेहद्द खूश. जेवणाच्या वेळी नवऱ्या मुलाच्या काकानं रेवणसिद्धच्या पाठीवर थाप मारून विचारलं, तुमच्या फोटोवाल्या बाई होत्या कुठं, दिसल्याच नाहीत.

रेवणसिद्धनं ते कौतुकानं तिला सांगितलं. उज्वला हसली. पण घास घेताना तिला एक गोष्ट आठवली. अक्षतांच्या आधी नवरीचा श्वास जड झाला होता. मुंडावळीची दोरी कपाळावर रुतत असणार, बोट घालून ती सैल करायला बघत होती आणि आजूबाजूच्या कुणाचं लक्ष नव्हतं. एरवी उज्वला जवळ असती. फोटोच्या निमित्तानं पुढं होऊन तिनं मागची गाठ सैल करून दिली असती, पाणी दे म्हणून कुणाला सांगितलं असतं. मागून तिनं त्या पोरीचा फोटो काढला. फोटो अप्रतिम आला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती घरी कॉम्प्युटरवर फोटो निवडत होती. तिची सासू केवळाबाई शेजारी गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. केवळाबाईचं वय सत्तरीच्या पुढं. बजरंग गेल्यावर दोघीच घरात उरल्या होत्या आणि दोघींचं जमत होतं, कारण दोघी कमी बोलायच्या.

"लई झाक निघालेत," केवळाबाई पडद्याकडं बघून म्हणाली. "कुठून काढलीस हे?"

"मागून. कूलरपासून."

"तितक्या लांबून?"

उज्वलानं तिला लेन्स दाखवली, किंमत सांगितली, रेवणसिद्धचं म्हणणं सांगितलं. केवळाबाईनं लेन्स हातात घेतली नाही. शेंगेचे दोन तुकडे करून ताटलीत टाकले आणि बोलायला लागली. बजरंग सात वर्षांचा होता तेव्हा तिचा नवरा गेला. त्यानंतर पोरीचं लग्न झालं तेव्हा ती भटारखान्यात होती. कुणी जा म्हणालं नव्हतं, तिची तीच गेली होती. बजरंगचं आणि उज्वलाचं लग्न झालं तेव्हाही मांडवाच्या मागं, पाण्याच्या टँकरजवळ बसली होती.

"अक्षता मीबी टाकल्या," ती म्हणाली. "तुमच्यापतूर आल्या न्हाईत. पुढच्या खुर्च्यांवर पडल्या."

उज्वलाला तो दिवस आठवला. लग्न लागल्यावर तिला पाया पडायला मांडवाच्या मागं नेलं होतं. सासू तिथं का आहे हे तिनं तेव्हा विचारलं नव्हतं. कामात असेल, एवढंच वाटलं होतं.

"मला तर फुकट बसवलं मागं," केवळाबाई म्हणाली. "तू लाख रुपये देऊन बसायलीस का?"

एवढं बोलून तिनं ताटली उचलली आणि ती स्वयंपाकघरात गेली. उज्वलानं फोन घेतला आणि नांदेडला माधवरावांना लावला.

माधवराव कॉलेजातून निवृत्त झालेले. त्यांच्या मुलीचं, मनस्विनीचं लग्न पाच दिवसांवर आलं होतं. काम रेवणसिद्धनं ठरवलं होतं आणि ठरवताना त्यांना सांगूनही टाकलं होतं की बाई लांबूनच काढतात, तुम्ही बिलकुल फिकीर करू नका. उज्वलानं त्यांना सरळ सांगितलं की मी हळदीचे आणि लग्नाचे फोटो जवळून काढणार आहे. मी विधवा आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. चालत नसेल तर आत्ताच सांगा, आगाऊ दिलेले पैसे आज परत करते, तुम्हाला दुसरं माणूस शोधायला वेळ मिळेल.

माधवराव गडबडले. "छे छे, आमच्याकडे तसलं काही नाही. मी आयुष्यभर मुलांना काय शिकवलंय मग? तुम्ही निर्धास्त या."

"घरात सगळ्यांना सांगून ठेवाल का?"

सांगतो, असं ते म्हणाले.

रेवणसिद्धला हे कळलं तेव्हा तो भडकला. नांदेडला जाताना गाडीत अहमदपूर मागं पडल्यावर त्यानं पोटातलं सगळं बाहेर काढलं. बजरंगसाठी आपण हे सांभाळून घेतोय. तिचं एक काम गेलं की त्याचंही अर्धं जातं, हे तिनं ध्यानात घ्यावं. त्याच्याही घरी खाणारी तोंडं आहेत. लोक रातोरात बदलत नसतात, आणि लेन्ससारखा सोपा रस्ता हातात असताना भांडण उकरून काढायचं कामून?

उज्वलानं सगळं ऐकून घेतलं. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं आणि माणूसही वाईट नव्हता. निलंग्याला तो एकटा थांबला, हेही तिनं कधी बोलून दाखवलं नव्हतं.

"भाऊजी, तुम्ही व्हिडिओ कुठून काढताव?" तिनं विचारलं.

"म्हंजे?"

"स्टेजवरूनच ना. तुमच्या घरी कोण मेलं, कोण जिवंत हाय, ते तुम्हाला कुणी विचारलं का आजपतूर?"

लोहा आल्यावर रेवणसिद्धनं गाडी थांबवली आणि दोघांसाठी चहा सांगितला.

हळद माधवरावांच्या अंगणात होती. झेंडूच्या माळा, पिवळे पडदे, पाटावर पिवळ्या साडीतली मनस्विनी, भोवती बायका. उज्वलानं पिशवीतून पस्तीसची छोटी लेन्स काढून कॅमेऱ्याला लावली. ही लेन्स असली की माणसाजवळ जावंच लागतं. दोन हातांवरून फोटो काढायचा, नाहीतर काढूच नये. सत्तर-दोनशे तिनं पिशवीतच ठेवली आणि चेन लावून टाकली.

ती पाटाजवळ पोचली तशी माधवरावांची थोरली बहीण, मनस्विनीची आत्या, मधे आली. नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू, घरात तिचा शब्द चालतो हे पहिल्या नजरेत कळत होतं. तिनं आवाज चढवला नाही. उज्वलाला म्हणाली, तुम्ही तिकडून काढणार होतात ना, आम्हाला तसंच सांगितलंय. आणि बोटानं फाटकाजवळची जागा दाखवली.

उज्वलानं माधवरावांकडं पाहिलं. ते केटररशी बोलायचं निमित्त करून वळायच्या बेतात होते. त्यांनी घरात कुणालाही काही सांगितलेलं नव्हतं.

"सर," ती म्हणाली, "आपलं फोनवर बोलणं झालंय."

माधवराव जवळ आले. आमचं काही नाही हो, पण ताईंचं वय झालंय, तेवढी हळद होईपर्यंत, असं काहीसं पुटपुटले. आपल्याच वाक्याची त्यांना लाज वाटत होती. तरी त्यांनी ते पूर्ण केलं.

रेवणसिद्धनं व्हिडिओ कॅमेरा खाली घेतला होता. उज्वलाला जाणवलं की निलंग्याहून येताना बसमध्ये जो राग आला होता, त्याला आज जागा सापडली आहे. ती आत्याबाईंकडं वळली आणि सावकाश बोलली.

"आत्याबाई, माझ्या हळदीला पाच सवाष्णी होत्या. मुहूर्त चांगल्या गुरुजींनी काढलेला होता. एक विधवा जवळ फिरकली नव्हती. माझी सख्खी सासूसुद्धा मांडवाच्या मागं, टँकरजवळ बसली होती. तरी अकराव्या वर्षी माझा नवरा गेला. त्याच्या काळजाची झडप लहानपणापासून खराब होती. त्या पाच जणींच्या हळदीनं ती दुरुस्त झाली न्हाई, आणि मी जवळ उभी राहिल्यानं इथं कुणाची खराब होणार न्हाई."

आत्याबाईंचा चेहरा लाल झाला. "तुम्हाला फोटो काढायला बोलावलंय, भाषणाला नाही."

"हाव, फोटोच काढायचेत. जवळून. नको असतील तर मला सगळ्यांसमोर तसं सांगा, मी पिशवी घेऊन जाते. सरांचे पैसे माझ्याजवळ आहेत, आत्ता देते. पण फाटकाजवळून मी काढणार न्हाई."

माधवरावांची बायको विशाखा हळदीची वाटी हातात धरून उभी होती. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, नणंदेकडं पाहिलं, आणि घड्याळाकडं. मोठ्या मुहूर्ताची तिथी होती, आयत्या वेळी नांदेडात दुसरा मोकळा फोटोवाला मिळणं शक्य नव्हतं, हेही तिच्या मनात असेल. शेवटी ती एवढंच म्हणाली, "उशीर होतोय. सुरू करू या."

आत्याबाई वळल्या आणि घरात गेल्या. त्यांच्या मागोमाग तिघीचौघी गेल्या. आतलं दार लोटल्याचा आवाज झाला.

उज्वला पाटासमोर गुडघ्यावर बसली. मनस्विनी एवढा वेळ खाली मान घालून होती. आता तिनं वर पाहिलं. उज्वलाला वाटलं ही काहीतरी बोलेल, माफी मागेल किंवा रागावेल. मनस्विनी हळूच म्हणाली, "ताई, माझे केस नीट आहेत का?"

नीट नव्हते. कानामागची एक बट सुटून गालावर आली होती. उज्वलानं हात पुढं केला, बट कानामागं सारली. बोटांना हळद लागली. मग तिनं कॅमेरा उचलला. पोटऱ्यांना रग लागेपर्यंत ती तिथं बसून फोटो काढत राहिली.

दुसऱ्या दिवशी लग्नात आत्याबाई स्टेजवर होत्या आणि जवळजवळ प्रत्येक फोटोत त्यांनी तोंड फिरवलं होतं. उज्वलानं ते तसंच येऊ दिलं. अक्षतांच्या वेळी ती अंतरपाटाच्या कडेला उभी होती. शेवटच्या मंगलाष्टकानंतर चौफेर तांदूळ उधळले गेले ते नवरानवरीबरोबर तिच्याही डोक्यावर पडले, कॅमेऱ्याच्या पट्ट्यात अडकले. ते झटकायला तिला फुरसत नव्हती.

निरोप घेताना माधवरावांनी पैसे दिले आणि तिची नजर टाळली. विशाखानं मात्र जेवणाचा डबा बांधून दिला, घरी कोण आहे ते विचारून दोघींपुरता.

परतण्याआधी ती नांदेडातच, वजिराबादेत आनंदराजच्या दुकानात गेली. त्यानं लेन्स कापडानं पुसली, उजेडाकडं धरून काच पाहिली.

"काही दोष निघाला का?"

"दोष न्हाई. अशी लेन्स मी आजपतूर हातात धरली नव्हती."

"मग? पैशाचं असेल तर पाच हजार कमी करतो. हप्ते करा."

पैशाचं न्हाई, असं तिनं सांगितलं. आनंदराजला पटेना. सत्तर-दोनशेशिवाय आजकाल लग्नं होतात का, असं तो म्हणाला. सहा महिन्यांत परत याल, तोपर्यंत गेलेली असेल.

"कधीतरी घेईन," उज्वला म्हणाली. "किनवटच्या जंगलात जायचंय मला एकदा. पाखरं जवळ येऊ देत न्हाईत, त्यांच्यासाठी घेईन. माणसांसाठी नको."

आनंदराज हसला आणि लेन्स कपाटात ठेवली. तिलाही ती तिथं ठेवलेली बघताना थोडं वाईट वाटलं. कॅमेऱ्यावर जीव असलेल्या कुणालाही वाटलं असतं.

त्या हंगामात तिची चार कामं गेली. हदगावच्या एका पार्टीनं कारण न सांगता पैसे परत मागितले. लातूरच्या तिघांनी फोन उचलणं बंद केलं. रेवणसिद्धनं दोन लग्नं दुसऱ्या फोटोवाल्याबरोबर केली, तिला आधी सांगून केली. तेवढ्या काळात तिनं शाळेच्या ओळखपत्रांचं काम धरलं, दिवसाला दोनशे पोरांचे फोटो काढले, संध्याकाळी पाठ धरायची. दिवाळीनंतर तीन नवी कामं आली. त्यातलं एक मनस्विनीच्या मैत्रिणीचं होतं; तिनं फोनवर सांगितलं की हळदीचे फोटो तसेच पाहिजेत, तितक्या जवळचे.

मग उज्वलानं नवं दरपत्रक करायला घेतलं. फोटोचे दर, अल्बमचे दर, फोन नंबर आणि खाली एक ओळ. रेवणसिद्धनं कच्चा कागद वाचला आणि कपाळाला हात लावला. म्हणाला, असलं कुणी छापतं का वैनी. उज्वला म्हणाली, लोकांना आधीच कळलं की मांडवात तमाशा होत न्हाई, तुमचंच काम हलकं होतंय. त्यावर त्यानं त्या ओळीतली ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक दाखवून दिली.

कागद घेऊन ती छापखान्यात गेली. छापणाऱ्यानं मजकूर पडद्यावर घेतला, खालपर्यंत आला आणि थांबला. ओळ अशी होती: फोटोग्राफर विधवा आहे. सर्व विधींचे फोटो जवळूनच काढले जातील.

"बाई," तो चाचरत म्हणाला, "ही ओळ ठेवायची ना? का चुकून आलीय?"

"ठेवा," उज्वला म्हणाली. "आणि जरा ठळक करा, बारीक दिसायलीय."